ख म्हण की

वर्ग हसला तेव्हा सखूला इतकं छान वाटलं की तिनं तो आवाज पुन्हा एकदा काढला. मान जराशी खाली, ओठ पुढं, सूर घशात खोल नेऊन, "साकव्वा." परत हशा. मागच्या बाकावरची दौत कलंडता कलंडता राहिली. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली खरी, पण पदर तोंडाशी धरून त्याही हसत होत्या, आणि बाई हसल्या म्हणजे निबंध पहिला आला असंच समजायचं. विषय होता ‘माझे नाव’. सोलापुरात एकेका वर्गात चार-चार भाषांची नावं मांडीला मांडी लावून बसतात, तेव्हा आपलं नाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय, हे घरी विचारून लिहून आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. सखूनं घरी कुणालाच काही विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? सखू म्हणजे सखी. सखी म्हणजे जी बरोबर असते ती. मूळ शब्द संस्कृत. तीन पानं तिनं एका बैठकीत लिहिली होती आणि शेवटचं पान कोरडं जाऊ नये म्हणून त्यात अक्कलकोटवालीला आणून बसवलं होतं. दर वर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला, ही मेंढरं राखणारी कानडी बाई आमच्या दारी येते. तिला ख म्हणता येत नाही, म्हणून माझ्या नावाचं ती साकव्वा करून टाकते. मी दोन वर्षं तिला ख शिकवते आहे. "शिकव, शिकव," बाई म्हणाल्या, "ख म्हणजे संस्कृतात आकाश. आकाशात जातो तो खग. तू तिला आकाशच शिकवते आहेस म्हणायचं." सखू खाली बसली तेव्हा तिचे कान गरम झाले होते आणि पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते तिला कळत नव्हतं. एकटी शेजारची नीलव्वा तेवढी हसली नव्हती. वीरभद्रप्पा तेलवाल्यांची ही मुलगी तशी कशालाही हसायची, अगदी भूगोलाला सुद्धा. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुली डबे काढायला लागल्या, तेव्हा ती वहीच्या पुठ्ठ्याकडं बघत म्हणाली, "ते तुझं नाव नव्हे की गं."

"काय नव्हे?"

"साकव्वा. साकु, अव्वा. पुरे, बाई, असं. पानात जास्त वाढायला लागलं की आमच्यात म्हणतात. ती तुला हाक मारत नसणार. तुझ्या आईला सांगत असणार, आता पुरे म्हणून."

सखू म्हणाली, तेव्हा पानात काहीच नसतं. जेवण होऊन, हात धुऊन, निघताना म्हणते ती. नीलव्वानं खांदे उडवले. मग मला काय ठाऊक, म्हणाली, आणि आपल्या डब्यातली शेंगाची चटणी नेहमीसारखी अर्धी सखूच्या भाकरीवर घातली. सखूनं नको म्हणायला हात वर केला आणि तोंडातून शब्दच निघेना. नीलव्वाच्या घरी जेवायला बसल्यावर तिनं कितीदा तरी, ऐटीत, आपल्याला कानडी येतं हे सगळ्यांना दिसावं म्हणून, साकु, साकु, म्हटलं होतं. तोच हा शब्द. वर्षानुवर्षं दाराशी येणारा आणि नीलव्वाच्या पंक्तीत बसणारा शब्द एकच होता, आणि तिच्या डोक्यात ते दोन निराळ्या खोल्यांत राहत होते.

घरी जाताना तिनं रोजची वाट सोडून तळ्याकडून वळसा घेतला. पाण्यावर दुपारचं ऊन तव्यासारखं पसरलं होतं आणि पलीकडं गिरणीचं धुराडं उलटं पाण्यात उभं होतं. पुरे. काय पुरे? ती बाई यायची ती कधी उंबऱ्याच्या आत यायची नाही. आई कितीदा म्हणायची, आत ये, सावलीत बस, तरी ती पायरीवरच टेकायची, खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेऊन. त्या घोंगडीला मेंढराचा, धुराचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. लहानपणी सखूला तो वास आवडायचा. मराठी चौथी होऊन इंग्रजी पहिलीत गेल्यापासून आवडेनासा झाला. पदरात शेंगा असायच्या, भाजलेल्या, कधी हुलगे, एकदा बोराएवढी लोकरीची गुंडी. बोलणं काही व्हायचं नाही, कारण आईला कानडी यायचं नाही आणि तिला मराठी पाच-पंचवीस शब्दांच्या पलीकडं यायचं नाही. आई वाढायची, ती जेवायची, जेवताना सखूकडं बघायची. बघायची म्हणजे कशी, तर लांबच्या गावाला निघालेला माणूस स्टेशनावरच्या घड्याळाकडं बघतो तशी, एकसारखी. मग उठायची, आईसमोर उभी राहून हात जोडायची आणि एकदाच म्हणायची, "साकव्वा." आई म्हणायची, "व्हय, व्हय, सखूच," आणि सखूच्या पाठीला हात लावून तिला पुढं ढकलायची, "जा, तुला बोलावतीया." मग सखू पुढं व्हायची. ती बाई दोन्ही तळवे तिच्या डोक्यावरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची आणि मागं न बघता चालू लागायची.

आणि हे आठवताना सखूला पहिल्यांदाच दिसलं, तळ्याच्या काठी, उन्हात, की त्या हाकेच्या वेळी बाईचे डोळे तिच्याकडं नसायचेच. आईकडं असायचे. हाक मारणारा माणूस ज्याला हाक मारतो त्याच्याकडं बघत नाही होय? चौदा वर्षं एवढी साधी गोष्ट दिसू नये. शाळेत पहिला नंबर, आणि ही अक्कल.

घरी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. सखूनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि अगदी सहज, निबंधाचं सांगितल्यासारखं सांगितलं, की आई, गंमत माहीत आहे का, साकव्वा हे नावच नव्हे, कानडीत त्याचा अर्थ पुरे. आईचा हात परातीत थबकला. "नाव न्हाय कसं," ती म्हणाली, "मीच इचारलं की तिला, पोरीचं नाव काय गं म्हणून. तवा तिनं सोताच सांगितलं." बोलून झाल्यावर ती पुन्हा थापायला लागली, दोन थापा, तीन थापा, आणि मग तिचे हात जागच्या जागी राहिले. सखू म्हणाली, "माझं नाव तू तिला का विचारलंस?"

तव्यावरची भाकरी करपत होती. धूर आला, पण कुणी ती उलटली नाही. सखूला त्या घटकेचं पुढं फार काही आठवायचं नाही. आईच्या मनगटाला लागलेलं पीठ आठवायचं, आणि भिंतीवरची पाल, आणि आपण किती शांतपणे उभ्या होतो ते, जसं काही निबंध वाचून झालाय आणि बाई आता काय म्हणतात ते ऐकायचंय. आई सांगत होती. मानमोडीच्या साथीच्या साली, दाराला दार लावून माणसं मरत होती तेव्हा, तिला झालेलं मूल नवव्या दिवशी गेलं. पहिलंच. ती भिंतीशी पडून होती, अंगात ताप, छाती दुधानं दगड झालेली. दाराशी कुणीतरी रडत होतं, बारीक, मांजराच्या पिलासारखं. तिला वाटलं आपलंच. ती धावली. पायरीवर घोंगडी पांघरून एक बाई बसली होती, जेमतेम विशीची, डोळे खोल गेलेले, तिच्या मांडीवर ते रडत होतं आणि तिच्याजवळ दूध नव्हतं. "मी काय इचार केला न्हाय," आई म्हणाली, "घेतलं आन लावलं. तू अशी प्यालीस की माजा जीव माज्यात आला." ती बाई तीन दिवस पायरीवर होती. चौथ्या दिवशी उठली, हात जोडले. मी विचारलं, नाव काय पोरीचं. ती म्हणाली, साकव्वा. आणि गेली. संध्याकाळी हे घरी आले, म्हणाले, साकव्वा कसलं नाव, सखू असंल, कानडी माणसाच्या जिभेला ख कुठं झेपतो.

हे म्हणजे आप्पा, एकनाथ जेऊरकर, गिरणीच्या दारावर हजेरी घेणारे. सकाळच्या भोंग्याला हजारभर माणसं त्यांच्या समोरून जायची आणि त्यांच्या बोरूखाली येऊन आपापली नावं सोडून जायची. एल्लय्या असला की ते येलाप्पा लिहायचे, मल्लिकार्जुन ओळीत मावत नाही म्हणून मल्हारी, खाजासाहेबाचा खाजगीसाहेब झाला होता आणि तो बिचारा दहा वर्षं त्या हाकेला ओ देत होता. आप्पांना यात काही वाईट केल्यासारखं वाटायचं नाही. जेऊरहून आले तेव्हा त्यांना इथल्या अर्ध्या गावाचं बोलणं कळायचं नाही. जे कानावर पडेल त्यातून ओळखीचं नाव काढायचं, हाच त्यांचा धंदा. लहानपणी सखू हे किस्से सांगून मैत्रिणींना हसवायची. आता तिला वाटलं, आपणही त्याच वहीतल्या. दाराशी आलो, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि आप्पांनी ओळीत मावेल असं लिहून टाकलं.

मग सुरू झाले ते दिवस. शाळेत जायची, पाठ म्हणायची, हसायची सुद्धा, पण आत एक शब्द मुसळासारखा खाली-वर होत राहायचा. पुरे. कुणाला तरी ती पुरे झाली होती. चार मुलींवर पाचवी झाली की म्हणतात तसं पुरे, की भुकेला कंटाळून पुरे, की नुसतंच, रडणं ऐकून ऐकून, पुरे बाई, घे हिला? निबंधाची वही परत आली. तांबड्या शाईत बाईंनी लिहिलं होतं, ‘उत्तम. ख-चा विनोद फार आवडला.’ तिनं ते पान फाडलं, मग फाडलेलं पान घडी करून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं, कारण ते टाकवेना. आई आता तिला हाक मारायला बिचकायची. "सखू" म्हणायला लागायची आणि मधेच थांबायची, मग नुसतं "अगं" म्हणायची. एके दिवशी अगं-अगंच ऐकून सखू फाडकन म्हणाली, "नाव घे की. तेवढं तरी एक दिलंयत ना मला." आई उठली. पाण्याची घागर उचलून मागच्या दारी गेली, ती घागर भरलेलीच होती.

शेजारच्या नरसम्माकडं सखू लहानपणापासून जायची. तेलुगू साळ्यांचं घर, दिवसभर मागाचा खटका चाललेला, आणि बसल्या जागी पायानं माग आणि तोंडानं सगळी गल्ली चालवणारी नरसम्मा. त्या दुपारी मागाखाली शेळीचं एक करडू बांधलं होतं. सखूनं, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं की तुमच्यात साकु म्हणजे काय गं अक्का. नरसम्मानं धोटा न थांबवता सांगितलं, साकु म्हणजे सबब. माझा नवरा कामाला न जाण्याची रोज नवी काढतो, ती. सखूला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच तिला भीती वाटली. एका भाषेत पुरे, एका भाषेत सबब. मग नरसम्मानं पायानंच करडाकडं दाखवलं. "आन ह्ये बी साकुच की. ह्याची आय मेली, मी साकते. बोळ्यानं दूध घालायचं, पोटाशी घिऊन निजायचं, त्याला बी साकणं म्हणत्यात आमच्यात." खटका चालूच होता. सखू उठली, वहाणा न घालता नीलव्वाच्या घरी गेली, भर उन्हात, पाय भाजत. नीलव्वा तेलाच्या घाण्यापाशी उभी होती. सखूनं विचारल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "आमच्यातपण आहे की," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं नाही. गाय साकणं, लेकरू साकणं. शब्द तोच. साकु, अव्वा." आणि आपल्याशीच बोलल्यासारखं, "सांभाळ गं आई, असंही होईल."

पुरे, बाई. सांभाळ, आई. अक्षर तेच, कानाही तोच, व्वाही तोच. भाषेनं असं करावं माणसाला? सखूनं आईला पुन्हा पुन्हा विचारलं, ती कशी म्हणाली, सूर कसा होता, हात कुठं होते, मान कुठं होती. आई चुलीपुढून उठून दाराशी जायची, पदर खांद्यावर घोंगडीसारखा घ्यायची आणि म्हणून दाखवायची. पण तिच्या तोंडून तो शब्द नावासारखाच निघायचा. चौदा वर्षं नाव म्हणूनच ऐकलेला. एकदा म्हणता म्हणता तिला रडू आलं. "मला काय ठाव गं," ती म्हणाली, "मी तर तुज्याकडं बघत हुते."

उत्तर एकाच माणसाकडं होतं आणि ते संक्रांतीला येणार होतं. सखू दिवस मोजायला लागली. विचारायचं कसं ते नीलव्वाकडून पाठ करून घेतलं. पण खरं सांगायचं तर तिला विचारायचं होतं त्यापेक्षा भरपाई करायची होती, आणि ते तिनं नीलव्वालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शाळेचं वारं नवं नवं अंगात शिरलं होतं तेव्हा ती त्या बाईच्या पुढ्यात पाटी घेऊन बसली होती. "ख म्हण की. क नव्हे. ख. घशातून. हे बघ, तोंडापुढं हात धर, वारा लागला पाहिजे." बाईनं हात धरला, पण स्वतःच्या तोंडापुढं नव्हे, सखूच्या. राठ, भेगाळलेला तळवा, तूप चोळल्यासारखा लोकरीनं मऊ झालेला मधेच. सखू म्हणायची, ख. बाई म्हणायची, क. परत ख. परत क. किती वेळ. मध्ये मध्ये तळवा उलटा करून बघायची, तिथं काही उमटलं आहे का तसा. सखूला तेव्हा वाटलं होतं, काय मठ्ठ बाई आहे. आता, अंथरुणावर डोळे मिटल्यावर, तो तळवा तोंडापुढं यायचा आणि तिला कळायचं की मठ्ठ कोण होतं. ख त्या बाईला पहिल्याच झटक्यात आला असणार. तिला श्वास हवा होता.

आणि गेल्या वर्षी आला होता की ख; निबंधात तेवढं तिनं गाळलं होतं. पायरीवर टेकल्या टेकल्या तिनं स्वतःहून म्हणून दाखवला, स्वच्छ, घशातून, आणि हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. सखूनं टाळ्या वाजवल्या होत्या. पण उठताना, आईपुढं हात जोडून, पुन्हा तेच. साकव्वा. ख नाही, काही नाही. सखूला इतका राग आला. एवढं शिकवलं, येतं सुद्धा, आणि माझ्याच नावाला नाही. त्या दिवशी घरी दोघी मैत्रिणीही आल्या होत्या. ती म्हणाली, "जा, मी नाही येत," आणि आत पळाली. दाराच्या फटीतून तिला दिसलं होतं की त्या बाईचे दोन्ही हात पुढं आलेले तसेच राहिले, मग तिनं ते रिकाम्या हवेवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा नाही वाजली.

यंदा ती डोकं पुढं करणार होती. आधीच, न बोलावता.

भोगी झाली. संक्रांत झाली. नंदीध्वज निघाले, गावभर हलग्या वाजल्या, गड्ड्यावर पाळणे लागले. पायरी तिनं सकाळ-दुपार दोनदा सारवली. बाजरीची भाकरी, गूळ, लोणी झाकून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते आईनं मुकाट्यानं नरसम्माच्या मुलांना दिलं. चौथ्या दिवशी आप्पा गिरणीतून आले, पगडी खुंटीला न लावता तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, चल. सखूच्या आठवणीत ते पहिल्यांदाच तिच्याकडं न बघता तिच्याशी बोलले. गड्ड्यावर घोंगडीवाले बसतात तिथं ते एकेकापाशी थांबले आणि हजेरीच्या आवाजात विचारत गेले, अक्कलकोटाकडची मेंढरंवाली, दर साली संगं येणारी. नाव काय, असं ज्यानं त्यानं विचारलं. आप्पा तसेच पुढच्यापाशी जायचे. हजार माणसांची नावं रोज लिहिणाऱ्या माणसाला दाराशी चौदा वर्षं जेवलेल्या बाईचं नाव माहीत नव्हतं. शेवटी एक म्हातारा, कपाळाला भंडारा लावलेला, घोंगड्यांच्या थप्पीवरून उठून जवळ आला. रेवणसिद्ध त्याचं नाव. त्यानं आप्पांकडं नाही, सखूकडं बघितलं, आणि म्हणाला, "निंगव्वाची न्हवं का ही? ख शिकिवणारी?"

सखूनं मान डोलावली. 

"ती गेली की, भादव्यात. हिवताप." त्यानं त्या बातमीवर घोंगडी टाकावी तसं पुढं सांगितलं. दर साली ती त्याच्याच गाडीतून यायची. ख यायला लागल्यापासून मेंढरं वळवताना ख, ख करत फिरायची. माळावर लई हसायचे लोक. ती म्हणायची, हसा, माझी पोरगी सोलापुरात साळंत जाती, तिनं शिकवलंय. सखूनं विचारलं, तिनं माझं नाव काय ठेवलं होतं. म्हातारा म्हणाला, "कुटलं नाव? बारा दिस बी झालं न्हवतं. नाव तितं ठिवलं असंल, म्हणायची. मग मागनं, दोन साल झाली, म्हणाय लागली खव्वा. माजी खव्वा आसं करती, माजी खव्वा तसं करती."

खव्वा. तिनं ते मनात म्हणून बघितलं. मराठी नव्हे, कानडी नव्हे, नरसम्माच्या भाषेतही त्याला काही अर्थ असणार नाही. बाईंनी सांगितलेलं आकाश तेवढं त्यात होतं, तेही त्या बाईला माहीत नव्हतं. कुठल्याच भाषेत न मावणारं नाव, एका माळावर, मेंढरांमध्ये, दोन वर्षं जिवंत होतं आणि भादव्यात गेलं. जे पाठ करून आणलं होतं ते बाजूला ठेवून तिनं मराठीतच विचारलं, की साकव्वा म्हणजे तिचं म्हणणं काय होतं, पुरे की सांभाळ. रेवणसिद्धाला प्रश्नच कळला नाही. पुरे कशाला म्हणंल, तो म्हणाला. "दर साली इचारून यायची ती. साक म्हणलं अव्वा, आन ती बाई व्हय म्हणली. व्हय, व्हय, दोनदा म्हणती. गाडीत बसली की पयलं ह्येच सांगायची." मग सुपारी कातरता कातरता, काही विशेष नाही अशा सुरात, "गेल्या साली तेवडी गप हुती. काय बोलली न्हाय वाटंनं."

परतताना आप्पांनी तिचा हात धरला होता, लहान मुलीचा धरतात तसा, आणि तिनं धरू दिला. पाळण्यांची गर्दी, फुटाणेवाले, कुठं तरी पिपाणी. आप्पा मध्येच म्हणाले, "मी लिवताना चुकलो." सखू चालत राहिली. ते चुकले म्हणून तर ती होती तशी होती. आणि ती स्वतः चुकली ते कुणी लिहिलेलंच नव्हतं, कुठल्याच वहीत, म्हणून ते खोडता येत नव्हतं.

आई दारातच होती. आप्पांनी सांगितलं, थोडक्यात, आणि आत गेले. आई उंबऱ्यावर बसली. सारवलेल्या पायरीवर ऊन तिरकं आलं होतं, तिथं कुणी बसलं असतं तर त्याच्या गुडघ्याशी आलं असतं. "मी व्हय म्हणत हुते," आई म्हणाली. "पर ते नावाला म्हणत हुते. तिनं इचारलं आन मी उत्तरच न्हाय दिलं गं. चौदा वर्सं." सखू म्हणाली, तिला मिळालं उत्तर, तिनं तसंच समजलं. आईनं मान हलवली, तसं न्हवं म्हणून. मग तिनं विचारलं, "काय म्हणत्यात कानडीत? सांभाळती मी, असं म्हणायचं तर?"

सखूला ते नीलव्वानं सांगितलं होतं. तिनं सांगितलं, "साकतीनी."

आई उठली. पदर सारखा केला, पायरीकडं तोंड केलं, हात जोडले. दुपारची गल्ली रिकामी होती आणि नरसम्माचा माग चालला होता. तिनं तो शब्द तोंडात एकदा घोळवला, आणि मग नीट, परक्या भाषेत चूक होऊ नये म्हणून फार जपून, घशातून काढून, म्हणाली, "साखतीनी."

ख आला होता. स्वच्छ, सगळा वारा घेऊन. चौदा वर्षं सखू, सखू म्हणून वळलेली जीभ, तिला आता तिथं क सापडेना. सखूच्या ओठांवर आलं होतं, ख नव्हे आई, क. नेहमीसारखं. पण ती आईच्या समोर गेली, पायरी उतरून, जिथं ती बाई बसायची तिथं उभी राहिली, आणि आपला तळवा तिनं आईच्या तोंडापुढं धरला.

"परत म्हण की," ती म्हणाली.